फराळाच्या पार्सलाआधी पोचणारा मेल

डोंबिवलीत आमचं घरगुती फराळाचं काम आहे. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी आणि माझी नणंद पाहतो. वर्षभर थोडीथोडी विक्री असते, पण खरी धावपळ गणपती गेले की सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. त्यातली निम्मीअधिक मेहनत परदेशी जाणाऱ्या पार्सलांची. चकली फुटू नये म्हणून वेगळा डबा, करंजीत ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं, चिवडा दोनदा सील केलेला.

हे सगळं आम्हाला येत होतं. येत नव्हतं ते एवढंच, की योग्य माणसाला योग्य वेळी कळवायचं कसं. कारण परदेशी फराळाच्या धंद्यात उशिरा आलेली ऑर्डर म्हणजे न आलेली ऑर्डर. दिवाळी झाल्यावर पोचलेल्या अनारशांचं कोणाला कौतुक नसतं.

व्हॉट्सॲप होतंच. पण त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप जातो. शिवाय पुण्याचा मुलगा नोकरीला श्टुटगार्टला गेला की त्याचा नंबर बदलतो. ईमेलचा पत्ता मात्र कॉलेजात उघडलेला तोच राहतो. म्हणून ईमेल मार्केटिंग नीट शिकून घ्यायचं ठरवलं. त्या वेळी माझ्या डोक्यात त्याचं चित्र ‘सवलत, सवलत’ ओरडणाऱ्या मेलांचं होतं. शिकत गेले तशी त्याची बाजू उलटीच निघाली.

सुरुवात पत्त्यांच्या यादीपासून झाली. आमच्याकडे पत्ते बरेच होते, पण ते दोन प्रकारचे. ऑर्डर देणारे बहुतेक इथले आई-बाबा, आणि पार्सल घेणारी मुलं तिकडे. कुरिअरला पार्सल कुठवर आलं हे कळवायला घेणाऱ्याचा ईमेल लागतो, तो आई-बाबाच भरून देतात. नणंद म्हणाली, “वहिनी, पत्ते आहेतच की. टाकूया सगळ्यांना मेल.”

मी तिथे थांबले आणि अजूनही मला वाटतं की या संपूर्ण विषयात कळीची जागा हीच आहे. त्या मुलीने तिचा पत्ता आम्हाला दिलेला नाही. तिच्या आईने दिलाय, आणि तोही पार्सलाची खबर देण्यापुरता. त्यावर आम्ही जाहिरात पाठवली तर पत्ता एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच कामाला वापरला असं होतं. युरोपियन युनियनचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. तिथल्या लोकांना माल विकायचा तर भारतातल्या विक्रेत्यालाही तो पाळावा लागतो, आणि जाहिरातीच्या मेलसाठी तिथे स्वतः दिलेली स्पष्ट संमती बघतात. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा त्या मानाने सैल. तो आधी परवानगी मागायला लावत नाही. पण मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, विषयाची ओळ फसवी नको, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कामकाजाच्या १० दिवसांत यादीतून काढायलाच हवं. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झालाय. संमती द्यायला जितकी सोपी तितकीच परत घ्यायलाही सोपी असावी, हे त्यातलं तत्त्व मला फार पटलं.

कायदे देशागणिक वेगळे, पण आम्ही त्यातला सगळ्यात कडक धरला आणि सगळ्यांना तोच लावला. दोन-दोन हिशेब ठेवण्यापेक्षा हे सोपं.

मग परवानगी मिळवायची कशी? पार्सल निघाल्याचा जो मेल जातो त्यात तळाशी एक ओळ घातली: पुढच्या वर्षी ऑर्डर सुरू झाल्यावर कळवायला हवं असेल तर इथे नाव नोंदवा. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक चौकोन ठेवला, तोही रिकामा. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आणि डब्यात बेसनाच्या लाडवांच्या वर एक छोटं कार्ड, त्यावर क्यूआर कोड. सगळ्यात चांगली नावं या कार्डातून आली. साहजिक आहे, माणूस लाडू खाता खाता नाव नोंदवतो! नोंदणी केल्यावर लगेच एक मेल जातो आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली तरच नाव पक्कं होतं. याला दुहेरी संमती म्हणतात. याने यादी हळू वाढते, चुकीच्या स्पेलिंगचे पत्ते मात्र आत येतच नाहीत.

याच काळात एका एजन्सीचा माणूस परदेशस्थ मराठी लोकांच्या हजारो ईमेलांची यादी विकायला आला होता. भाव अगदी परवडेल असा. आम्ही घेतली नाही. विकत घेतलेल्या यादीत बंद पडलेले पत्ते असतात, आणि काही पत्ते तर न विचारता मेल पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठीच सोडलेले असतात. अशा पत्त्यांवर एकदा मेल गेला की आपल्या डोमेनचं, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं, नाव खराब होतं, आणि मग जी खरी गिऱ्हाइकं वाट बघत असतात त्यांच्याही स्पॅममध्ये आपण जाऊन पडतो.

डोमेनचा विषय निघालाच आहे तर तो सविस्तरच सांगते, कारण छोट्या व्यावसायिकांना तो सगळ्यात अवघड वाटतो आणि प्रत्यक्षात एका दुपारचं काम आहे.

आमचा धंद्याचा पत्ता पूर्वी जीमेलचाच होता. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पर्यंतच मेल जातात, आणि ते मुळात घाऊक पाठवणीसाठी नाहीच. झोहो, मेलचिंप, ब्रेव्हो अशा सेवा त्यासाठी असतात. पण त्यांच्यामार्फत पाठवताना ‘पाठवणारा’ म्हणून जीमेलचा पत्ता घातला तर समोरच्या सर्व्हरला विसंगती दिसते. नाव जीमेलचं, आणि मेल तर गूगलच्या यंत्रणेतून आलेला नाही. म्हणून स्वतःचं डोमेन घ्यायचं. खर्च वर्षाला जेमतेम दोन-चार डबे फराळाइतका.

डोमेन घेतल्यावर त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी करायच्या. एसपीएफ ही परवानगी असलेल्यांची यादी: आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे ते तिथे जाहीर लिहिलेलं असतं. डीकेआयएम म्हणजे टपालाच्या पाकिटावरचं लाखेचं सील. प्रत्येक मेलवर आपल्या गुप्त किल्लीने सही होते, तिची जुळी किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांना दिसेल अशी असते, आणि वाटेत मजकुराला कोणी हात लावला तर सही जुळत नाही. तिसरी डीमार्क. मेलवर दिसणारं नाव आणि या तपासण्यांतलं नाव एकच आहे का, आणि नसेल तर त्या मेलचं काय करायचं, हे ती सांगते. शिवाय आपल्या नावाने कोण कुठून मेल पाठवतंय याचे अहवाल मागवते. आम्ही डीमार्क आधी ‘फक्त बघा’ या पायरीवर ठेवली, अहवाल स्वच्छ यायला लागल्यावर ‘संशयास्पद असेल तर स्पॅममध्ये टाका’ इथवर नेली.

एक गोष्ट मुद्दाम जपावी लागते. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असू शकते. रोजच्या मेलसाठी एक सेवा आणि प्रचाराच्या मेलसाठी दुसरी वापरत असाल तर दोघींची नावं एकाच ओळीत गुंफायची. दोन वेगळ्या नोंदी झाल्या की तपासणीच नापास होते, आणि हे कोणी ओरडून सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत नियम पक्के केले. दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी हव्यातच, आणि एका टिचकीत बाहेर पडायची सोयही हवी. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, आणि तक्रारींच्या प्रमाणाकडेही गूगल बघतं. ‘स्पॅम’ बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा आणि ०.३ ला कधीही पोचू देऊ नका, असं ते सांगतात. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं वैतागली तरी आपण धोक्याच्या रेषेवर.

हा आकडा कळल्यावर अनसबस्क्राइबच्या दुव्याकडे बघायची माझी नजरच बदलली. पुष्कळ दुकानं तो बारीक करड्या अक्षरांत लपवतात. आम्ही तो ठळक मराठीत लिहिला: ‘हे मेल नको असतील तर इथे टिचकी मारा.’ ज्याला जायचंय त्याला दार सापडलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि ते बटण आमचं जास्त नुकसान करतं. सासूबाईंना हे एका वाक्यात पटलं. त्या म्हणाल्या, “नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढू नये.”

आता मजकूर. पहिल्या वर्षी आमच्या नेहमीच्या छपाईवाल्याने सुंदर जाहिरात करून दिली होती: पणत्या, रांगोळी, ताटात मांडलेला फराळ. ती जशीच्या तशी मेलमध्ये घालायची असा सगळ्यांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. सगळा मजकूर चित्रात असला आणि समोरच्याच्या फोनने चित्रं अडवली, तर त्याला कोरा मेल दिसतो. दृष्टिहीन वाचकाचं वाचून दाखवणारं ॲप चित्रातली अक्षरं सहसा वाचू शकत नाही. आणि चित्रातली ‘चकली’ शोधून सापडत नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये कोणी आपल्या मेलबॉक्समध्ये ‘चकली’ टाइप करतो, तेव्हा आमचा जुना मेल वर यायला हवा ना! म्हणून मजकूर अक्षरांतच, चित्र एकच, आणि ते दिसलं नाही तर त्याजागी वाचता येईल अशी पर्यायी ओळ.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक तपशील आहे, तो मला इंग्रजी मार्गदर्शनात कुठे भेटला नाही. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा दाखवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही, तीन लागतात. तयार साच्यांमधली सजावटीची सांकेतिक भाषा आधीच जड असते, त्यात लांबलचक मराठी मजकूर आला की मेल कापला जाऊ शकतो. आणि कापला जातो तो तळाचा भाग, जिथे आपला पत्ता आणि बाहेर पडायचा दुवा असतो. म्हणून साधा साचा, आटोपशीर मजकूर.

विषयाच्या ओळीवर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा होते. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ ही ओळ त्या आठवड्यात बँकेपासून विमा कंपनीपर्यंत सगळेच पाठवतात. फोनवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून देश आणि तारीख आधी. ‘जर्मनीचा फराळ: ऑर्डर शुक्रवारपर्यंत’. हे वाचून ज्याला गरज आहे तो उघडतो, ज्याला नाही तो सोडून देतो, आणि दोघांचाही वेळ वाचतो. पाठवणाऱ्याच्या नावात आमच्या कामाचं तेच नाव, जे डब्याच्या लेबलवर असतं. उत्तर देता येणार नाही असा पत्ता आम्ही ठेवला नाही. मेलला उत्तर आलं पाहिजे, आणि येतात. ‘बाबांना मधुमेह आहे, साखर कमी घालून द्याल का’, ‘मागच्या वेळी शंकरपाळे फार आवडले, फक्त तेच मिळतील का’. अशी उत्तरं वाचून आम्ही पदार्थांची यादी बदलली आहे.

एकच मेल सगळ्यांना पाठवायचा नाही, हे तर पहिल्याच वर्षी दिसलं. यादीचे भाग पाडले: इथले पाठवणारे आणि तिकडचे मागवणारे, आणि दोघांतही देशानुसार गट. पाठवणाऱ्या आई-बाबांना भाव, वजन, डब्यात काय काय आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लागतो, कारण मेल वाचून ते फोनच करतात. मुलांना पैसे भरायचा दुवा हवा असतो, बोलायचं नसतं. वेळही वेगळी. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी नऊला मेल पोचवायचा तर इथून संध्याकाळी साडेसहाला सोडावा लागतो. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक, त्यामुळे तिथल्यांचा मेल पूर्ण वेगळा: काय पाठवू आणि काय नाही.

गट पाडल्याचं खरं चीज २०२३ मध्ये झालं. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि अनारशाचं पीठ घरी करणारी घरं आता थोडी. आम्ही फक्त इथल्या आई-बाबांच्या गटाला एक मेल पाठवला. मुलांच्या गटाला पाठवलाच नाही. मेलमध्ये सवलत नव्हती, चित्रही नव्हतं. अधिक महिना कधी ते कधी, तेहतीसचा डबा केवढ्याला, आणि आधी किती दिवस सांगावं लागेल, एवढंच. त्या महिन्यात सासूबाईंना पीठ भिजवायला पातेली पुरली नाहीत.

आकड्यांबद्दल थोडक्यात. मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर मी फार विसंबत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपात गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून चित्रं आधीच उतरवली जातात आणि न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. आमचे अमेरिकेतले गिऱ्हाईक बहुतेक आयफोनवाले, म्हणजे तिथला आकडा फुगलेलाच असणार. टिचक्या, ऑर्डरी आणि उत्तरं हे तीन आकडे खरे. दोन विषय ओळी निम्म्यानिम्म्या लोकांना पाठवून तुलना करायची पद्धत असते. शेकड्यातल्या यादीत चार-दोन टिचक्यांच्या फरकाला काही अर्थ नसतो, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. परत आलेले मेल मात्र दर वेळी बघायचे. पत्ताच अस्तित्वात नसेल तर नाव लगेच काढायचं, मेलबॉक्स भरलेला असेल तर आणखी संधी द्यायची.

आणि मग ऑगस्ट २०२५ आला.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयातशुल्क माफ असायचं. ती माफी २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी थांबणार असं जाहीर झालं. शुल्क कोणी आणि कसं गोळा करायचं हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी टपालाची पार्सलं घेणं थांबवलं, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक बुकिंगं बंद केली. आधी पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू होत्या, महिना संपता संपता त्याही थांबल्या. गणपती २७ ऑगस्टला बसायचे होते. आमच्या ऑर्डरी नुकत्याच सुरू होत होत्या, आणि बजेटवाली बहुतेक मंडळी टपालानेच पाठवतात.

त्या रात्री आम्ही दोघींनी बसून एक मेल लिहिला. विषय: ‘अमेरिकेचं पार्सल: टपालाने सध्या जाणार नाही’. आत चार गोष्टी. काय बंद झालंय. खासगी कुरिअर चालू आहे, पण शुल्कासह खर्च किती वाढेल. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना परत हवे असल्यास याच मेलला ‘परत’ असं उत्तर पाठवावं. आणि पुढची खबर मिळाली की आम्हीच कळवू, तोवर फोन करत बसावं लागणार नाही. हा मेल फक्त अमेरिकेशी संबंध असलेल्यांना गेला. जर्मनी, दुबई, सिंगापूरवाल्यांना तो पाठवून उगाच घाबरवण्यात अर्थ नव्हता.

उत्तरांचा पाऊस पडला. काहींनी पैसे परत घेतले, काहींनी डबा लहान करून कुरिअरने पाठवायला सांगितलं. एका काकांनी लिहिलं, तुमच्याकडून कळलं म्हणून राखीव ठेवलेली मुलाची औषधांची आणि पुस्तकांची खोकीही थांबवली. टपालाची अमेरिका सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. वसुबारस १७ ला होती, म्हणजे फराळासाठी उशीरच झाला होता. तरी तो मेलही आम्ही त्याच दिवशी पाठवला, कारण कळवू असं लिहून दिलं होतं. दिवाळीनंतर पोचणारा डबा ‘तुळशीच्या लग्नाचा फराळ’ म्हणून पाठवायची कल्पना त्या मेलला आलेल्या एका उत्तरातूनच मिळाली, आणि तसे डबे गेले.

त्या दोन महिन्यांत त्या गटातून बाहेर पडलेले अगदी मोजके. तक्रार एकही नाही. मला ईमेल मार्केटिंग त्या हंगामात खऱ्या अर्थाने कळलं असं मी म्हणेन, आणि त्या मेलमध्ये विकायला काहीही नव्हतं.

यंदाचं, म्हणजे २०२६ चं, वेळापत्रक फळ्यावर लिहून झालंय. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे अनारशांचा मेल एप्रिलअखेर, आई-बाबांच्या गटाला. अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा नुसत्या उचलून चालणार नाहीत, प्रत्येक देशाची शेवटची तारीख पुन्हा काढावी लागेल. अमेरिकेचा मेल सगळ्यात आधी जाईल, आणि त्यात शुल्काचा अंदाज भावाच्या शेजारीच लिहायचा असं नणंदेने बजावलं आहे. ज्यांनी गेल्या दोन दिवाळ्यांत एकही मेल उघडला नाही, टिचकी मारली नाही की ऑर्डर दिली नाही, त्यांना जुलैत एकच प्रश्न जाईल: यादीत ठेवू का? उत्तर आलं नाही तर ती नावं निघतील.